केसांच्या गोळ्या

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. तिथे लोखंडाला जस्त चढवतात. विजेचे खांब, हायवेचे कठडे, मोबाइल टॉवरचे तुकडे, जे जे म्हणून उन्हापावसात उभं राहायचं असतं ते आधी आमच्याकडे येतं, ॲसिडात आंघोळ करतं आणि साडेचारशे अंशांवर वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडी मारून चकचकीत होऊन बाहेर पडतं. मी क्वालिटीत आहे. हातातलं छोटं यंत्र खांबाला टेकवायचं, थर किती मायक्रॉन बसलाय ते बघायचं, पास असेल तर हिरवा ठिपका आणि नापास असेल तर लाल ठिपका मारायचा, एवढंच माझं काम. बारा वर्षं हेच करतोय. या बारा वर्षांत बुटांतून, डब्यातून, नाकातून मी घरी इतकं जस्त आणलं असेल की त्यात एखादा छोटा खांब सहज बुडेल.

त्यामुळे वाशीच्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत "तुम्हाला झिंक सुरू करू या" म्हणाल्या, तेव्हा मला आधी रागच आला. आख्ख्या नवी मुंबईत जस्त कमी पडायला यांना मीच सापडलो?

टेबलावर माझा रिपोर्ट होता. तो कसा मिळवला ते फार सांगत नाही. एक छोटी खोली, एक प्लास्टिकची डबी, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र, आणि दाराबाहेरून एक मावशी दर पाच मिनिटांनी विचारायची, "झालं का साहेब? मागं दोघं थांबलेत." अशा वातावरणात माणसाला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही. तरी मी कर्तव्य पार पाडलं, आणि त्याचं फळ म्हणून हा कागद. संख्या कमी. आणि जे काही थोडके होते त्यांची चालही बरी नव्हती.

"काही सरळ जात नाहीयेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही जागच्या जागी गोल फिरतायत, आणि काही नुसतेच पडून आहेत."

मला आमच्या कंपनीतली तिसरी पाळी आठवली. पण मी हसलो नाही, कारण शेजारी बायको बसली होती आणि ती त्या कागदाकडे एकटक बघत होती. बारा वर्षं मी दुसऱ्यांना लाल ठिपके मारत आलो. आपल्याला मारला की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गोळ्यांनी चमत्कार होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. काहींना थोडा फायदा होतो, काहींना काहीच होत नाही, तीन महिने घ्या आणि मग परत तपासू, असं म्हणाल्या. भट्टीपासून लांब राहा, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसू नका, सिगरेट ओढत असाल तर सोडा. गोळी रोज एकच. दोन घेतल्या म्हणून काम दुप्पट होत नाही, उलट जस्त जास्त झालं की शरीरातलं तांबं कमी होतं. "आणि जेवल्यावर घ्यायची," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी घेतलीत तर मळमळेल."

मी सगळ्याला मान डोलावली. शेवटचं वाक्य मात्र एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

आता घरचं सांगायला हवं. कोपरखैरण्याला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मी, बायको आणि आई. वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते, ते गेले. आई मूळची साताऱ्याकडची, आणि साताऱ्याचं पाणी चाळीस वर्षांत तिच्या जिभेवरून उतरलेलं नाही. बायको उरणला एका कंटेनर गोदामाच्या ऑफिसात काम करते, सकाळी सातला घर सोडते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. घरात दोघीच असल्या की आई आणि तिचं छान जमायचं. एकच विषय निघाला की जमायचं नाही, आणि तो विषय आठवड्यातून दोनदा निघायचा.

या सहा वर्षांत बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या चांगल्या आल्या. पण आईच्या मते तपासण्या म्हणजे डॉक्टरांचे चोचले. तिने आपले उपाय चालू ठेवले. बायकोने मंगळवार धरले. पिंपळाला फेऱ्या घातल्या. गावाकडे गेलो की देवीपुढे तिची ओटी, मामीकडे ओटी, आत्याकडे ओटी, कुणाच्या बारशाला गेलो तर तिथून येताना ओटी. आमच्या घरी सहा वर्षांत नारळ विकत आणावा लागला नाही. चटणीला, सोलकढीला, नारळीभाताला, सगळ्याला ओटीतलेच नारळ. मी ते आवडीने खाल्ले. माझीही एकदा तपासणी करावी, असं पाच वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही.

वाशीहून येताना रिक्षात बायको म्हणाली, "आईंना आजच सांग."

"सांगतो."

"काय सांगशील?"

"सगळं सांगतो. जरा वेळ बघून."

तिने रिपोर्टची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण तूच सांगायचंस. मी सांगितलं तर ती तक्रार होईल."

एकटे असलो की ती मला अरेतुरे करते. आईसमोर मात्र अहो. रिक्षातून उतरलो, गॅलरीत आई दिसली आणि बायको म्हणाली, "अहो, सुट्टे आहेत का?" तेवढ्यात माझी वेळही टळली.

दुसऱ्या दिवशी मला सकाळची पाळी होती. घाईत मी चहाच्याही आधी गोळी घेतली. दहा मिनिटांत पोटात असं काही ढवळून आलं की मी धावत बाथरूम गाठलं. पुढची पाच मिनिटं मी जो आवाज काढत होतो तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

तोंड धुऊन दार उघडलं तर समोर आई उभी. हातात गुळाचा खडा. डोळे भरून आलेले. "माझी गुणाची..." एवढं म्हणत तिने खडा पुढे केला आणि मला बघून हात तिथेच थांबला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको डबा घेऊन बाहेर आली. धडधाकट. आईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गुळाकडे बघितलं.

"आरं, तू ओकत हुतास?"

"हो."

"मला वाटलं..." आई म्हणाली. गुळाचा खडा तिने स्वतःच्याच तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत उभी राहिली. तेव्हा मला हसू आलं होतं हे मी कबूल करतो. बायकोला आलं नव्हतं.

मग आईची चौकशी सुरू झाली. काय खाल्लंस, बाहेरचं खाल्लंस का, ही बाटली कसली, ह्या गोळ्या कसल्या. सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नसती. बायको दारात चप्पल घालत होती आणि मुद्दाम सावकाश घालत होती. मी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "केसांच्या."

"क्यासांच्या?"

"केस गळतायत ना. झिंकच्या गोळ्या आहेत. म्हणजे जस्त."

बायकोने दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण हळूही लावलं नाही.

आईला मात्र पटलं. वडिलांचंही कपाळ पस्तिशीत मागे गेलं होतं, म्हणजे घराण्यात होतंच. तिला एकच कोडं पडलं. "जस्त म्हंजी तुमच्या कंपनीतलं?"

"तेच. पण खायचं."

"मग इकत कशाला आनतूस? मागून आन की वाटीभर."

मी खूप समजावलं. पण आई चाळीस वर्षं तांब्याच्या कळशीतलं पाणी पिते. रात्री भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं, गुडघ्यांपासून पित्तापर्यंत सगळ्याला तोच उपाय. तांबं पाण्यात उतरतं तर जस्त का उतरणार नाही? तिने माळ्यावरून जुनी जस्ताची बादली काढली. वडिलांनी मुंबईत आल्यावर घेतलेली पहिली वस्तू ती. राखेने घासली, पाणी भरलं, वर ताट झाकलं आणि सकाळी तांब्याभर माझ्यापुढे ठेवलं.

"आई, असं नसतं. हे पाणी प्यायचं नसतं."

"का न्हाई? तांब्याचं चालतंय. जस्ताला काय काटं आल्यात?"

मोठमोठ्या कंपन्यांचे इन्स्पेक्टर येतात, उलटसुलट प्रश्न विचारतात, मी कुणाला हार गेलेलो नाही. आईपुढे हरलो. महिनाभर मी रोज ते पाणी घेऊन गॅलरीत जायचो आणि तिची पाठ वळली की तुळशीत ओतायचो. तुळस बहरली. आईने त्याचंही श्रेय बादलीला दिलं आणि माझ्या डोक्याकडे मोठ्या आशेने बघू लागली.

इथवर गोष्ट घरात होती. पण आई रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसते, आणि त्या बाकावर बसलेलं कुठलंही माणूस पोटात गोष्ट ठेवत नाही. मी गोळ्या सुरू केल्याच्या तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे काका आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. डोकं असं की त्यावर मी हिरवा ठिपका डोळे झाकून मारला असता.

"अरे, ती केसांची गोळी दाखव जरा," ते म्हणाले. "फोटो काढतो."

"काका, आधी डॉक्टरला विचारा."

"डॉक्टर काय, पैसे खायला बसलेत. तू शिकलेला माणूस, तू घेतोस म्हणजे विचार करूनच घेतोस ना?"

याला उत्तर होतं, पण ते द्यायचं तर बाकीचंही द्यावं लागलं असतं. काकांनी फोटो काढला. आठ दिवसांत सोसायटीत काकांसकट पाच जण त्या गोळीवर होते. मेडिकलवाला मला बघून ओळखीचं हसायला लागला. त्याला मात्र ती गोळी कशाकशाला देतात ते माहीत होतं, आणि एका सोसायटीतले पाच पुरुष एकदम का जागे झाले, याचा तो काय अर्थ लावत असेल या विचाराने मी रस्ता बदलून जाऊ लागलो.

काका लिफ्टमध्ये मला गाठायचे आणि डोकं खाली वाकवायचे. "बघ रे, लव आलीय का? खरं सांग. तुझी नजर क्वालिटीची."

"येतेय काका."

पाच मायक्रॉन कमी भरले म्हणून आख्खा खांब परत पाठवणारा माणूस मी. पण ते डोकं मी पास केलं. एकदा खोटं बोलायचं ठरलं की माणसाचे हिशेब किती उदार होतात!

बायको रोज जेवण झालं की गोळी आणि पाणी माझ्यासमोर ठेवायची आणि आईकडे एक नजर टाकून माझ्याकडे बघायची. मी गोळी गिळायचो. बाकीचं तसंच राहायचं. मंगळवार आला की ती उपास करायची, आणि आई तिला साबुदाणा वाढताना म्हणायची, "मन लावून कर गं, उगं करायचं म्हून करू नगं."

रविवारी बोनकोड्याची एक मासेवाली मावशी आमच्या गेटपाशी पाटी घेऊन बसते. बायकोने कुठेतरी वाचलं होतं की कालवांत जस्त भरपूर असतं. ती मला घेऊन खाली गेली आणि मावशीला म्हणाली, "कालवं आहेत?"

"हाईत ना, उरनची हाईत. पन तुमी कदी घेत नाय ती. कोनाला पायजेत?"

"यांना. केस गळतायत, म्हणून."

मावशीने मला खालून वर आणि वरून खाली बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "क्यासांसाठी कालवां? बाय, माज्या सासूनं माज्या नवऱ्याला चारलेली वरीसभर. त्याचा टक्कल हाय तसाच हाय. पोरां मातुर पाच झाली." आणि तिने वर आणखी मूठभर कालवं पिशवीत टाकली. "घे, ही माजेकडून."

जिना चढताना बायको हसत होती. दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि हसू पुसल्यासारखं झालं. "तिला दोन मिनिटं लागली," ती म्हणाली. "आईंना दोन महिने होतील. तू त्यांना घाबरतोस की मला गृहीत धरतोस, तेवढं सांग."

मी म्हणालो, "सांगतो."

"हे पण सांगतोच का?" ती म्हणाली आणि पुढे गेली.

मी घाबरत होतो हे खरं. पण आईला नव्हे. एकदा आईला कळलं की बाकाला कळणार, बाकाला कळलं की गावाला, आणि गावात मी सगळ्यांचा शिकलेला, कमावता, बिनखोटीचा मुलगा. ती कीर्ती सांभाळायला मला एक माणूस लागत होतं, सगळं अंगावर घेणारं, आणि ते घरातच होतं. हे तेव्हा एवढं स्पष्ट दिसत नव्हतं असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण दिसत होतं.

मग सेक्रेटरी काकांच्या मुलीचं डोहाळजेवण आलं. सातवा महिना लागला होता. सोसायटीच्या हॉलमध्ये झोपाळा सजवला, मुलीला फुलांचे दागिने घातले, दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून झाली. आई सकाळपासून पुढे होती. बायकोने वाशीला जाऊन स्वतः निवडून हिरवा खण आणला होता, तिचं आणि त्या मुलीचं चांगलं मेतकूट. पुरुषांकडे वाढपाचं काम होतं. मी मठ्ठ्याचं भांडं घेऊन दाराशी उभा, काका जिलेबीचं ताट घेऊन माझ्या शेजारी. बाकीचे चौघे केसवाले पत्रावळी मोजत होते.

ओटी भरायची वेळ झाली. बायका रांगेत आल्या. बायकोही तबक घेऊन उठली, रांगेत तिसरी की चौथी असेल. आईने तिच्या कोपराला हात लावला. आईने ते हळूच म्हटलं होतं, हे मी तिच्या बाजूने सांगतो. पण आईचा हळू आवाज म्हणजे दोन शेतं ओलांडून जाणारा.

"तू जरा मागं ऱ्हा गं. आदी लेकुरवाळ्या भरू देत."

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. बायको मागे सरकली. तबक दोन्ही हातांत तसंच धरून भिंतीला टेकून उभी राहिली आणि हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. सहा वर्षांत बारशांमधून, हळदीकुंकवांमधून तिने ते बसवलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी ते बघून दुसरीकडे बघितलं होतं. त्या दिवशी मला माझी इतकी लाज वाटली की हातातलं भांडं खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"आई, तिला मागे का उभी करतेस? मला कर."

आईला वाटलं मी मठ्ठ्याबद्दल काही बोलतोय. "काय रं?"

"दोष माझ्यात आहे. तिचे सगळे रिपोर्ट पहिल्यापासून चांगले आहेत, माझा खराब आहे. आणि मी घेतोय त्या गोळ्या केसांच्या नाहीत. मूल व्हावं म्हणून पुरुषांना देतात, त्या आहेत."

आई माझ्याकडे बघत होती, बायको माझ्याकडे बघत होती, फुलांच्या दागिन्यांतली मुलगी झोपाळा पायाने थांबवून माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या उजव्या हाताला काकांच्या ताटातून एक जिलेबी खाली पडली.

"म्हणजे," काका म्हणाले, "मी पण... त्याच?"

पत्रावळी मोजणारे चौघे पत्रावळींतून मान वर काढेनात. झोपाळ्यामागून काकूंचा आवाज आला. "अहो! किती घेतल्यात?"

"दुसरी बाटली चालू आहे," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना माझ्यासारखं जमलं नाही.

आणि मग ती मुलगी हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, फुलांचा बाजूबंद गळून पडला तरी थांबेना. "आई," ती काकूंना म्हणाली, "मला आता भाऊ होतोय का गं?" मग सगळा हॉल फुटला. काकूंना मुलीची काळजी वाटायला लागली, त्या तिची पाठ चोळत होत्या आणि स्वतःही हसत होत्या, आणि अधूनमधून काकांकडे अशा बघत होत्या की काकांनी ताट ठेवून सरळ पार्किंग गाठलं.

त्या गोंधळात ती मुलगीच बायकोला म्हणाली, "वहिनी, या ना. तुम्ही भरा लवकर, मला आता बसवत नाहीये." बायकोने जाऊन तिची ओटी भरली. आई अडवायला गेली नाही. ती भिंतीपाशी, जिथे आधी बायको उभी होती तिथे, जाऊन उभी राहिली होती.

काकांचं पुढे असं झालं की चार दिवसांनी त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "चालू ठेवू की बंद करू?"

"बंद करा काका."

"नाही, पण केस खरंच आलेत रे," ते कळवळून म्हणाले आणि डोकं वाकवलं. मी नीट बघितलं. एकही नव्हता, आणि या वेळी मी तसं सांगितलं.

माझंही सांगून टाकतो. तीन महिने झाल्यावर परत तपासणी केली. आकडा जरासा हलला होता, इतका जरासा की आनंद मानावा की नाही हे डॉक्टरीणबाईंनाही ठरवता येईना. जस्ताने खांब टिकतात, माझ्यावर त्याची मात्रा फारशी चालली नाही. पुढचे उपाय आहेत, ते चालू आहेत. होईल तेव्हा होईल, नाही झालं तर नाही. आता मंगळवारी आमच्या घरात मी उपास करतो, आणि बायको समोर बसून मिसळ खाते.

हा उपास माझ्याकडे कसा आला, ते त्याच डोहाळजेवणाच्या संध्याकाळचं आहे. हॉलवरून आल्यावर आई घरात शिरली ती थेट स्वयंपाकघरात. डबे उघडल्याचे, झाकणं आपटल्याचे आवाज येत राहिले. आम्ही दोघं बाहेर सोफ्यावर, मोठी शिक्षा व्हायची वाट बघत बसलेल्या मुलांसारखे. थोड्या वेळाने आई बाहेर आली, मधोमध पाट मांडला, शेजारी ताट ठेवलं. ताटात तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ.

बायको सवयीने उठली. ओढणी पुढे घेऊन पाटाकडे निघालीसुद्धा.

"तू न्हाई," आई म्हणाली. "त्यो. बस रं."

मी बसलो. आईने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ते एवढं दाबून लावलं की डोकं मागे गेलं.

"पदर पसर."

"आई, मला पदर कुठाय?"

"मग सदरा पसर."

मी झब्ब्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला. आईने त्यात ओंजळीने तांदूळ घातले, एकदा, दोनदा, तीनदा. खण ठेवला, हळकुंड, सुपारी ठेवली. शेवटी नारळ उचलला आणि तिचा हात थांबला. ती रडत होती. "सा वर्सं," ती म्हणाली, "सा वर्सं मी नारळ भलत्याच ओटीत घालत ऱ्हायले. आन त्या पोरीनं एकबी खाली टाकला न्हाई."

मग तिने नारळ घातला. बायकोकडे न बघताच म्हणाली, "मंगळवार सोड गं तू. ह्यो धरंल."

बायको आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच करायला लागली. डोळे पुसत ती माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. झब्बा ताणला गेला होता, कडेने तांदूळ सांडत होते. आई तिथेच उभी होती.

"अरे," बायको मला म्हणाली. आईसमोर पहिल्यांदाच. "जड आहे का?"

मी हो म्हणालो. खरंच जड होतं.